कोर्टाच्या पायरीची उंची

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बहुतेक वेळा ती बांधावरून भांडणाऱ्या भावाभावांना सांगितली जाते आणि तिथे ती खरीही असते. दोन पिढ्या तारखा करून शेवटी दोन्ही घरांच्या हाती फक्त कागद उरलेले मी पाहिले आहेत. पण हीच म्हण नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला सांगितली जाते, तेव्हा तिचा अर्थ बदलतो. भावाभावांना ती सांगते, घरात बसून मिटवा. या मुलीचे घरच तिच्यावर उठलेले असते. तिने कुठे बसून मिटवायचे?

मी जिल्ह्याच्या ठिकाणी बरीच वर्षे वकिली केली. त्यातला मोठा काळ मोफत विधी सहाय्याच्या पॅनेलवर होते. या काळात एक गोष्ट मला फार जवळून दिसली. कोर्टाची ही पायरी सगळ्यांना सारखी उंच नसते. बाईसाठी तिच्यात स्टॅम्पचा खर्च असतो, वकिलाची फी असते, दर तारखेचे एसटीचे भाडे असते, त्या दिवशीची बुडालेली मजुरी असते आणि तान्ह्या मुलाला कुणाकडे ठेवायचे हा प्रश्न असतो. शिवाय 'आपल्या घराण्यात कुणी कोर्टात गेले नाही' हे आईचे वाक्य असते. ही पायरी थोडी थोडी खाली कशी आली, कुणी आणली आणि अजून किती उरली आहे, याचा इतिहास आज थोडक्यात सांगायचा आहे.

एके काळी सासरचा जाच सोसणाऱ्या बाईला न्याय मागण्याच्या जागा दोनच होत्या. एक माहेर आणि दुसरी जातीची किंवा गावची पंचायत. पंचायतीत बोलणारे पुरुष, ऐकणारेही पुरुष. काही जातींत काडीमोड, पाट यांची वाट मोकळी होती. जिथे ती नव्हती तिथे निकाल ठरलेला असे. मुलीला समजवायचे, जावयाला दोन शब्द सुनवायचे आणि तिला परत नांदायला पाठवायचे. 'नांदणे' हा आपला किती सुंदर शब्द! पण 'नांदायला पाठवणे' म्हटले की त्यात तिची इच्छा कुठेच उरत नाही.

इंग्रजी न्यायालये आली तेव्हा बाईला तिसरी जागा मिळाली असे वाटेल. प्रत्यक्षात सुरुवातीला त्या जागेचा उपयोग नवऱ्यांनीच करून घेतला. मुंबईतला रखमाबाईंचा खटला हे त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई सासरी गेल्याच नव्हत्या. त्यांनी नांदायला यावे म्हणून पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की एक महिन्यात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद भोगा. रखमाबाईंनी सांगितले, कैद पत्करेन. शेवटी १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट इथे त्यांनी दीर्घकाळ काम केले.

रखमाबाईंचे धैर्य आपण सगळेच वाखाणतो. वकील म्हणून माझे लक्ष मात्र त्या खटल्यात दुसरीकडेही जाते. त्यांच्या मागे काय काय उभे होते? डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारखे सुशिक्षित सावत्र वडील, 'अ हिंदू लेडी' या टोपणनावाने 'टाइम्स ऑफ इंडिया'त पत्रे लिहिता येतील एवढे इंग्रजी, त्यांच्या बचावासाठी स्थापन झालेली समिती आणि उच्च न्यायालयात चार वर्षे टिकून राहण्याइतका पैसा. एवढे सगळे असूनही सुटका झाली ती दोन हजार रुपये मोजून. त्या काळच्या दोन हजारांत किती संसार उभे राहिले असते याची कल्पना करा. रखमाबाईंच्याच वयाच्या, पण यातले काहीच नसलेल्या मुलीचे काय झाले असेल? तिचा खटलाच झाला नाही, म्हणून इतिहासात तिची नोंदही नाही.

गरिबांसाठी कायद्यात काहीच नव्हते असे मात्र नाही. दोन बारीक वाटा होत्या. पहिली पोटगीची. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८८ होते. नवरा सांभाळत नसेल तर बायकोने मॅजिस्ट्रेटपुढे साधा अर्ज करावा आणि मॅजिस्ट्रेटने महिन्याची रक्कम ठरवून द्यावी. दिवाणी दाव्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त आणि लवकर होणारे. म्हणूनच शेतमजुराची बायको, गिरणीकामगाराची बायको या कलमाच्या आधाराने कोर्टात येऊ लागली. पण रकमेला कमाल मर्यादा होती. सुरुवातीला ती महिना ५० रुपये होती, पुढे वाढत १९५५ मध्ये ५०० झाली. १९७३ च्या नव्या संहितेत हेच कलम १२५ झाले आणि घटस्फोटित पत्नीही त्यात आली. पाचशेची मर्यादा मात्र तशीच राहिली. केंद्रीय कायद्यातून ती २००१ मध्ये गेली. म्हणजे शेंगदाणा तेलापासून सोन्यापर्यंत सगळ्यांचे भाव कितीतरी पटींनी वाढले, पण टाकलेल्या बाईच्या पोटाचा कायद्यातला भाव जवळजवळ सेहेचाळीस वर्षे हलला नाही.

दुसरी वाट नादारीची. शाळेत फी माफ होण्याला आपल्याकडे 'नादारी मिळाली' म्हणत. तोच शब्द कोर्टातही होता. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे, अंगावरचे आवश्यक कपडे आणि दाव्याचा विषय सोडून ज्याच्याकडे शंभर रुपयांचीही मालमत्ता नाही, त्याला स्टॅम्प न भरता दावा लावता येत असे. ऐकायला बरे वाटते. पण आपण खरेच नादार आहोत हे सिद्ध करायला चौकशी व्हायची. तिची नोटीस सरकारी वकिलाला जायची आणि विरुद्ध पक्षालाही. नवऱ्याविरुद्ध दावा असेल तर तोच नवरा कोर्टात येऊन सांगू शके की हिच्याकडे दागिने आहेत, ही कसली नादार! शिवाय फी माफ होत नसे, पुढे ढकलली जाई. आणि वकील? त्याची तरतूद या नियमांत १९७६ च्या दुरुस्तीपर्यंत नव्हती. त्याच दुरुस्तीने मर्यादा हजार रुपये केली. दावा फुकट लावायचा, पण चालवायचा कुणी, याचे उत्तर त्याआधी सत्तर वर्षे कायद्याजवळ नव्हते.

ते उत्तर माणसांनी आपापल्या परीने शोधले. त्यात नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींचे नाव पहिले घ्यावे लागेल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री झाल्या. तरीही बाई म्हणून त्यांना वकिलीची सनद मिळेना. मग १९०४ पासून त्यांनी बंगाल सरकारच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे कायदेशीर सल्लागार म्हणून काम केले. पडद्याआडच्या, मालमत्ता असूनही हाती दमडी नसलेल्या शेकडो स्त्रियांची बाजू त्यांनी मांडली. स्त्रियांना वकिली करण्याची मुभा देणारा कायदा आला १९२३ मध्ये आणि त्यानंतर लगेच मिठन लाम या बॅरिस्टर मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागल्या. १९२४ च्या सुमारास मुंबईत लीगल एड सोसायटी स्थापन झाली. गरिबांना फुकट वकील द्यावा या कल्पनेचे आपल्या देशातले ते पहिले संघटित रूप मानले जाते.

यानंतर कायदे भराभर बदलले. १९४६ मध्ये केंद्रीय कायद्याने विवाहित हिंदू स्त्रीला छळाच्या कारणावरून वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क दिला. मुंबई प्रांताने त्याच वर्षी हिंदू पुरुषांच्या दुसऱ्या लग्नावर बंदी घातली आणि १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. डॉ. आंबेडकरांच्या हिंदू कोड बिलाची रखडपट्टी आणि त्यांचा १९५१ चा राजीनामा आपल्याला माहीत आहे. त्यातले विवाहाचे आणि वारसाहक्काचे कायदे अखेर १९५५ आणि १९५६ मध्ये आले. हक्क असे कागदावर वाढत गेले. हक्क मागायला लागणारा खर्च मात्र जिथल्या तिथे होता. मुंबई सरकारने १९४९ मध्येच न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली विधी सहाय्यासाठी समिती नेमली होती. अहवाल आले, कपाटात गेले.

पुढचा धक्का बसला तो सत्तरच्या दशकात. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीने १९७३ मध्ये आणि नंतर न्यायमूर्ती पी. एन. भगवतींसह त्यांनी आणखी एकदा सांगितले की विधी सहाय्य हे दान नाही, ती राज्याची जबाबदारी आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३९-अ आला. आणीबाणीतली ही दुरुस्ती अनेक कारणांनी बदनाम झाली आणि ते योग्यच होते. पण मोफत विधी सहाय्याचा हा अनुच्छेद तिच्यातलाच, हेही नोंदवले पाहिजे. महाराष्ट्राने १९७९ मध्ये विधी सहाय्य व सल्ला योजना केली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांच्या प्रकरणात, हुसैनारा खातून खटल्यात, मोफत वकील मिळणे हा न्याय्य प्रक्रियेचाच भाग असल्याचे म्हटले. पत्रकार शीला बर्से यांच्या पत्रावरून १९८३ मध्ये मुंबईतील स्त्री-कैद्यांसाठीही आदेश निघाले.

पण या सगळ्या चर्चेतला 'गरीब' बहुधा तुरुंगातला होता. स्वयंपाकघरातल्या बाईचा प्रश्न चव्हाट्यावर आणला तो स्त्रियांच्या संघटनांनी. १९८० च्या सुमारास बलात्काराच्या कायद्याविरुद्धची आंदोलने सुरू झाली. पुण्यात तरुण विवाहितांच्या मृत्यूंनी शहर हादरले आणि १९८२ मध्ये नारी समता मंच उभा राहिला. विद्या बाळ यांच्यासारख्या कार्यकर्त्या गावोगावी जाऊन बायकांना बोलते करू लागल्या. सांगली-सातारा भागात इंदुताई पाटणकरांच्या पुढाकाराने परित्यक्ता स्त्रियांनी स्वतंत्र रेशनकार्डासाठी, घराच्या जागेसाठी मोर्चे काढले. रेशनकार्डाचा आणि कोर्टाचा काय संबंध, असे कुणी विचारेल. ज्या बाईचे नाव फक्त नवऱ्याच्या कार्डावर आहे, तिच्याजवळ आपण कोण, कुठे राहतो हे दाखवायला कागदच नसतो. कोर्टाच्या पायरीआधीचीही ही एक पायरी होती.

१९८३ मध्ये भारतीय दंड विधानात कलम ४९८-अ आले आणि बायकोचा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने पोलीस आयुक्तालयाच्या आवारातच स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तक्रार घेऊन आलेल्या बाईशी आधी प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बोलेल, ही कल्पना तेव्हा नवी होती. पुढे असे कक्ष राज्यभर निघाले. याच काळात फ्लेव्हिया ॲग्नेस यांनी स्वतः सोसलेल्या मारहाणीची कहाणी जाहीरपणे लिहिली, नंतर त्या कायदा शिकून वकील झाल्या आणि 'मजलिस' या संस्थेतून मुंबईतल्या असंख्य स्त्रियांचे खटले स्त्री वकिलांनी चालवले. मार खाल्लेली बाई दुसऱ्या बाईची वकील होते, हा आपल्या विधी सहाय्याच्या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा टप्पा वाटतो. १९८९ मध्ये पुणे आणि मुंबई इथे कौटुंबिक न्यायालये सुरू झाली आणि तिथे समुपदेशक मिळू लागले.

आता त्या कायद्याकडे येते, ज्याच्यासाठी हे सगळे सांगितले. विधी सेवा प्राधिकरण कायदा संसदेने १९८७ मध्ये केला, पण तो अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कुणाला मिळेल याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, कोठडीतली माणसे, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेपेक्षा उत्पन्न कमी असलेले. या यादीत एक छोटी ओळ आहे, 'स्त्री किंवा बालक'. बस्स, एवढेच. गरीब स्त्री नाही, परित्यक्ता स्त्री नाही. कुठलीही स्त्री. तिला उत्पन्नाची अट नाही.

या एका शब्दामागे केवढे शहाणपण आहे, ते मला एका बाईंनी शिकवले. चांगल्या घरच्या, हातात सोन्याच्या बांगड्या. नवरा अधिकारी. पाठीवरचे वळ दाखवल्यावर मी त्यांना विधी सेवेचा अर्ज करायला सांगितले, तर त्या संकोचाने म्हणाल्या, "अहो ताई, आम्ही काही गरीब नाही हो." मी विचारले, "तुमच्या पर्समध्ये आत्ता किती पैसे आहेत?" त्यांनी पर्स उघडून दाखवली. परतीच्या रिक्षाचे तेवढे होते, आणि तेही शेजारणीकडून घेतलेले. बँकेचे पासबुक नवऱ्याच्या कपाटात, कपाटाची किल्ली नवऱ्याच्या खिशात. १९०८ चा कायदा या बाईंना म्हणाला असता, तुमच्या हातात बांगड्या आहेत, तुम्ही नादार नाही. १९८७ च्या कायद्याने हे ओळखले की श्रीमंत घरातली बाईही कफल्लक असू शकते, आणि घरात मार खाणाऱ्या बाईला आधी तिचे दारिद्र्य सिद्ध करायला लावणे हा दुसरा मार आहे.

महाराष्ट्राने याच्या जोडीला आणखी एक काम केले. १९९४ साली राज्याचे पहिले महिला धोरण आले आणि १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ झाली. त्यासाठी नादारीची चौकशी नाही. माझ्या वकिलीच्या काळात स्टॅम्पसाठी मंगळसूत्राचे मणी विकायला निघालेल्या बाईला मी ही अधिसूचना दाखवली आहे. तिला आधी खरेच वाटेना. सरकारने काही फुकट दिले आणि त्यासाठी तलाठ्याचा दाखला मागितला नाही, यावर आपल्याकडे सहजी विश्वास बसत नाही, हेही खरे.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. इंदिरा जयसिंग यांच्या 'लॉयर्स कलेक्टिव्ह'ने आणि देशभरच्या स्त्री संघटनांनी त्यासाठी वर्षानुवर्षे काम केले होते. या कायद्याने दोन धागे एकत्र विणले. एक धागा हिंसेचा. मारहाणच नव्हे तर शिवीगाळ, लैंगिक बळजबरी, पैसे अडवणे, स्त्रीधन काढून घेणे, घराबाहेर काढणे हे सगळे त्यात येते. दुसरा धागा मदतीचा. तक्रार घेऊन आलेल्या बाईला मोफत विधी सेवेचा हक्क आहे हे सांगण्याचे बंधन पोलिसांवर आणि संरक्षण अधिकाऱ्यावर टाकले आहे. संरक्षण अधिकाऱ्याने घटनेचा अहवाल तयार करून मॅजिस्ट्रेटकडे द्यायचा, विधी सहाय्य मिळवून द्यायचे, गरज पडल्यास निवारा आणि वैद्यकीय तपासणीची सोय करायची. बाई सध्या जिथे आसऱ्याला आहे, त्या गावच्या कोर्टातही अर्ज चालतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो.

'प्रयत्न व्हावा' या शब्दांत पुष्कळ काही सामावते, हे कोर्टात वावरणाऱ्या कुणालाही सांगायला नको. साठ दिवसांचे प्रकरण वर्ष-दोन वर्षे चाललेले मी अनेकदा पाहिले आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे याच एका कामाखेरीज इतरही कामे असतात. पॅनेलवरच्या वकिलाला मिळणारे मानधन तुटपुंजे असते. त्यामुळे काही वकील मन लावून काम करतात, काही नुसती तारीख मागतात. यातूनच 'फुकटचा वकील म्हणजे कामाचा नाही' अशी समजूत पसरली. ती पूर्ण खोटी नाही, पण त्याला उत्तर आहे. मिळालेला वकील लक्ष देत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून बदलून मागता येतो. आणि वकिलाने पक्षकार बाईकडे पैसे मागायचे नसतात. मागितले तर त्याचीही तक्रार तिथेच करता येते. फुकट मिळालेल्या गोष्टीबद्दल तक्रार कशी करायची, या संकोचात आपल्या बायका गप्प राहतात. हा वकील मेहरबानीने मिळालेला नसतो, कायद्याने मिळालेला असतो.

नंतरच्या वर्षांतही ही पायरी थोडी थोडी उतरतच राहिली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महत्त्वाचे निर्णय दिले. एकात म्हटले की राहते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले, तरी सुनेला तिथे राहण्याचे संरक्षण मागता येऊ शकते. दुसरे प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेले. त्यात ठरले की पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यायचे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. पगार लपवून तारखा लांबवणाऱ्या नवऱ्याचा फायदा त्यामुळे कमी झाला. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. ४९८-अ ची जागा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ ने घेतली आहे. पोटगीचे १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ आहे. आकडे बदलले, हक्क तेच आहेत.

मग आज एखाद्या बाईने नेमके कुठे जायचे? तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहिला तरी चालतो. लिहिता येत नसेल तर तिथे लिहून घेतात. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फोनवर विचारायचे असेल तर विधी सेवेचा क्रमांक १५१०० आणि स्त्रियांसाठी मदतीचा क्रमांक १८१. जिवाला धोका असेल तर ११२. जिल्ह्यातले 'सखी' केंद्र, पोलिसांचा महिला कक्ष, संरक्षण अधिकारी, यांपैकी कुणाकडेही गेले तरी पुढची वाट दाखवणे हे त्यांचे काम आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू झाले, कारण मार खाल्लेली बाई वकिलाकडे जाण्याआधी दवाखान्यात जाते. दवाखान्यात गेलीच तर 'पाय घसरून पडले' असे सांगू नये. जे झाले ते केसपेपरवर लिहून घ्यावे. त्या कागदाची प्रत जपून ठेवावी, शक्यतो घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे. लग्नाचा दाखला किंवा पत्रिका, मुलांचे जन्मदाखले, आधार आणि बँकेचे कागद यांच्याही प्रती तिथेच असाव्यात. आणि यातले काहीच हाती नसेल, तरी अर्ज अडत नाही.

शेवटी ज्यांना स्वतःला असा प्रसंग आलेला नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट. २००५ च्या कायद्यातले कलम ४ फार थोड्यांना माहीत आहे. कौटुंबिक हिंसाचार झाला आहे, होत आहे किंवा होण्याचा संभव आहे असे वाटणारा कुणीही माणूस ते संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. नातेवाईक असण्याची गरज नाही. सद्भावनेने कळवले असेल, तर त्याबद्दल त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. म्हणजे शेजारी, दूधवाला, शाळेतल्या बाई, सोसायटीचे सेक्रेटरी, कुणीही. आपल्या घरांच्या भिंती काही फार जाड नसतात. पलीकडून येणारा आवाज आपल्याला ऐकू येतो आणि आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. पुढच्या वेळी टीव्हीचा आवाज थोडा कमी करावा. दुसऱ्या दिवशी, ती एकटी असताना, दार वाजवून तिला एवढेच सांगावे की वकील फुकट मिळतो, दाखला लागत नाही, आणि पहिल्या तारखेला मी तुझ्याबरोबर येईन.